बायकोसाठी प्रार्थना हवीये पण सगळ्यांसमोर नको, मंडळीला कसं सांगायचं?

निळी_छत्री

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितोच.

आम्ही पिंपरी-चिंचवडला असतो. मराठी मंडळी (म्हणजे आमचं चर्च) आहे, छोटीशीच, बहुतेक कुटुंबं नगर, जालना, संभाजीनगरकडून कंपनीतल्या नोकऱ्यांसाठी आलेली, सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, ट्रीटमेंट चालू आहे. मागच्या वर्षी एकदा राहिलं होतं पण तिसऱ्या महिन्यातच गेलं. हे आमच्या घरच्यांना आणि पाळकांना (चर्चचे पास्टर) माहीत होतं, पुढे कसं गेलं माहीत नाही आणि मला ते शोधतही बसायचं नाहीये.

तर दर शुक्रवारी कॉटेज मीटिंग असते, कोणाच्या तरी घरी, चटया टाकून. आधी दोन गीतं, मग वचन, मग प्रार्थना विनंत्या. कोणाची बदली, कोणाच्या मुलाची दहावी, कोणाच्या सासऱ्यांचा मोतीबिंदू, असं करत करत शेवटी कोणीतरी काकू म्हणतातच "आणि आपल्या ह्या बहिणीसाठी" आणि खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळतात. मग डोक्यावर हात ठेवून मोठ्या आवाजात "प्रभू हिची कूस उघड, हन्नाला दिलंस तसं हिला दे, पुढच्या वर्षी याच वेळेला हिच्या मांडीवर बाळ असू दे". ती खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली असते. मग पोहे येतात आणि पोह्यांबरोबर एक जण विचारते कुठले डॉक्टर, दुसरी सांगते सात शुक्रवार उपवास धर, आणि परवा एकीने विचारलं की काही कबूल करायचं राहिलंय का बघ बाई मनात.

आता ती शुक्रवारी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबते. रविवारी पण शेवटचं गीत चालू झालं की उठून गाडीपाशी जाऊन उभी राहते, म्हणजे कोणी गाठायला नको.

एक सांगतो, ही माणसं वाईट नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये पप्पा ऑक्सिजनवर होते तेव्हा ह्याच काकूंनी रात्रीचे तास वाटून घेऊन साखळी प्रार्थना केली, आम्ही क्वारंटाइनमध्ये होतो तर गेटला डबा अडकवून जायच्या. त्यामुळे आम्हाला प्रार्थना नकोय असं नाही, आम्हाला ती हवीच आहे, ती बंद झाली तर मला भीती वाटेल. फक्त अशी नको. हे त्यांना न दुखवता कसं सांगायचं? आणि असं सांगणं म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय का?

नगरची_मावशी

बाळा, विश्वास कमी पडतोय वगैरे काही नाही, आधी ते डोक्यातून काढ. मी बरीच वर्षं महिला मंडळात आहे (आमच्या गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं), म्हणून ह्या विषयावर मला बोलायचंच आहे.

त्या काकू हन्नाचं नाव घेतात ना, त्यांना म्हणावं पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय परत नीट वाचा. हन्ना शिलोला मंदिरात एकटी उभी राहून प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यायलीये. मग तिने सांगितलं की मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. बस एवढंच. मूल पाहिजे हे तिने एलीला सांगितल्याचं त्या अध्यायात कुठे नाही आणि एलीने पण विचारलं नाही की काय गं मागतेस. तो म्हणाला शांतीने जा, तू जे मागितलंस ते देव तुला देवो. त्यानंतर ती जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही असं लिहिलंय. तेव्हा गरोदर नव्हती ती अजून! म्हणजे तिचा मुलगा शमुवेल नंतर झाला, चेहरा आधी खुलला. आणि तिच्या पोटाविषयी सगळ्यांदेखत बोलणारी त्या गोष्टीत कोण आहे तर तिची सवत पनिन्ना. हे मी कोणाला टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे.

दुसरं, मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आपण बायका जागतिक प्रार्थना दिन पाळतो, सगळ्या पंथांच्या एकत्र येतात. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना लिहून पाठवतात, २०२४ ला पॅलेस्टाईनच्या बायकांनी लिहिली होती, २०२५ ला कुक आयलंड्सच्या. आपण आधी त्यांचं वाचतो, त्या काय म्हणतात ते ऐकतो, मग त्यांनी जे मागायला सांगितलं ते मागतो. इतक्या लांबच्या बायकांना आपण विचारून प्रार्थना करतो तर समोर चटईवर बसलेल्या सुनेला विचारायला काय झालं.

सांगायचं कसं, तर सभेत उठून नको. तिथे सांगितलंस की सगळ्या कावऱ्याबावऱ्या होतील आणि एखादी रुसेल. ज्या काकूचं बाकीच्या ऐकतात अशी एक असतेच प्रत्येक मंडळीत, तिला घरी चहाला बोलवा आणि आधी २०२१ चं सांगा, तुम्ही किती केलंत आमच्यासाठी ते. मग सरळ सांगा. बाकीच्यांना सांगायचं काम ती करेल, आणि तुझ्यापेक्षा चांगलं करेल.

साधा_विश्वासू

प्रेज द लॉर्ड. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

मावशी म्हणतात ते पटतं पण आजकाल सगळंच प्रायव्हेट करायची जी सवय लागलीये ना ती मला घातक वाटते. मंडळी म्हणजे कुटुंब, आणि कुटुंबात झाकून किती ठेवणार. माझा मोठा भाऊ पीत होता, आम्ही कित्येक वर्षं मंडळीपासून लपवलं, आई रविवारी विचारणाऱ्यांना सांगायची त्याला नाईट शिफ्ट आहे. शेवटी तिनेच एका उपवास प्रार्थनेत उठून रडत रडत सांगून टाकलं. त्या दिवसापासून तीन जण आळीपाळीने घरी यायला लागले, एक जण तर त्याच्याबरोबर एए च्या (दारू सोडणाऱ्यांच्या) मीटिंगला जाऊन बाहेर बाकावर बसायचा. सांगितलं नसतं तर कोण आलं असतं?

बायबलमध्ये पण बघा, प्रभूचा शिष्य पेत्र तुरुंगात होता तेव्हा मार्काच्या आईच्या, मरीयेच्या घरी पुष्कळ लोक जमून त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत होते. कफर्णहूमला पक्षघाती माणसाला लोकांनी छप्पर उघडून खाली सोडलं, येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय, त्यांचा, एकट्या त्याचा नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत सत्तर एक जणी रोज प्रार्थनेला बसायला लागल्या आणि जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा, तेव्हा तिथे संजीवन (विश्वासाची नवी जागृती) आलं. जानेवारीतला जो प्रार्थना सप्ताह आपण पाळतो त्याची हाक पण आपल्याच देशातून, लुधियानाच्या मिशनऱ्यांकडून गेली होती, १८६० साली जगभर पाळला पहिल्यांदा. एकत्र मागण्यात ताकद आहे दादा. उद्या प्रत्येक जण म्हणाला माझं नाव घेऊ नका तर कॉटेज मीटिंगमध्ये फक्त दहावी आणि मोतीबिंदूच उरेल.

पण ते "कबूल करायचं राहिलंय का" विचारणं चुकीचंच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही.

पाळक_मराठवाडा

दोघांचंही वाचलं. साधा विश्वासू भाऊंचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, दुःख लपवून लपवून कुजलेली घरं मी पण पाहिली आहेत. पण भाऊ, तुमच्या घरी तुमच्या आईने स्वतः उठून सांगितलं, सगळा फरक तिथे आहे. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात पण आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना (वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, बोलावणं त्याच्याकडून जातं. तो आधी बोलावतो, तेल आणि प्रार्थना त्याच्या नंतर येते. एकमेकांजवळ पापं कबूल करा हे त्याच्याच पुढचं वाक्य आहे, त्यात पण आपण आपली कबूल करायची आहेत, दुसऱ्याची शोधून द्यायची नाहीत. आणि कफर्णहूमचं म्हणाल तर उचलणारे चौघं होते. दारात जी गर्दी होती तिच्यामुळे तर त्यांना आत जाता येईना.

निळी छत्री, आता तुमच्यासाठी. पाप राहिलंय का हा प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारला होता, योहान नववा अध्याय, ह्याने पाप केलं की ह्याच्या आईबापांनी. प्रभूने सरळ सांगितलं, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. मुलंबाळं, घरदार सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ काही न बोलता जमिनीवर बसले तोपर्यंत ते चांगले मित्र होते, तोंड उघडलं आणि कारणं शोधायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देवाने ईयोबालाच त्या मित्रांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वेळी कोणी असं विचारलं तर तुमच्या मिसेसनी उत्तर द्यायची गरज नाही, तुम्ही द्या, तिथल्या तिथे, शांतपणे, योहान नऊ म्हणून.

"पुढच्या वर्षी याच वेळेला" हे वाक्य लोकं अलीशाच्या गोष्टीतून उचलतात. तिथे अलीशा संदेष्टा होता आणि तरीसुद्धा, तुला मुलगा होईल असं त्याने सांगितल्यावर ती शुनेमची मूल नसलेली बाई त्याला म्हणाली की माझ्याशी खोटं बोलू नका. इतकी घाबरली होती ती आशेला. आपण कोणीही देवाच्या नावाने तारीख देऊ नये. पौलाने तीनदा विनवणी केली तरी त्याच्या शरीरातला काटा (त्याचं दुखणं) गेला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं, आणि पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची हिंमत कोणी करणार नाही. मी स्वतः दवाखान्यात कॉटजवळ उभा असतो तेव्हा बरं कर असं मागतो, जरूर मागतो, पण बरं होणारच असं पेशंटच्या कानात सांगत नाही. सांगितलं आणि झालं नाही तर तो माणूस आजाराबरोबर माझ्या शब्दांचं पण ओझं घेऊन झोपतो.

आमच्याकडे आता विनंतीची चिठ्ठी असते. चर्चच्या दाराशी डबी आहे, चिठ्ठीवर लिहायचं की हे सगळ्यांसमोर वाचा, की फक्त पाळकांनी वाचा, की नाव न घेता वाचा. जो दुसऱ्यासाठी लिहितो त्याने खाली लिहायचं की त्याला विचारलंय. विचारलेलं नसेल तर ती चिठ्ठी सभेत येत नाही, मी घरी प्रार्थना करतो. सुरुवातीला जुने लोक म्हणाले हे काय सरकारी फॉर्मसारखं, आता सवय झाली. आणि विनंत्या कमी नाही झाल्या, उलट ज्या गोष्टी कधी कानावर येत नव्हत्या त्या यायला लागल्या, कर्ज, नवऱ्याची मारहाण, पोराचं डिप्रेशन.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचं बाळ गेलं. तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मंडळीने तर ते वाक्य पण गाळलं आणि लगेच पुढचं बाळ मागायला लागली. त्या गेलेल्या बाळासाठी कोणी तुमच्याबरोबर रडलं का? अशा वेळी मयती होत नाही, प्रेतयात्रा नाही, कबर नाही, म्हणून लोकांना काही झालंच नाही असं वाटतं. तुमच्या पाळकांना घरी बोलवा, फक्त तुम्ही दोघं आणि ते. छप्पन्नावं स्तोत्र वाचायला सांगा, आसवं बुधलीत भरून ठेवणाऱ्या देवाचं. त्या दिवशी दुसरं काही मागू नका.

वसईचा_पोरगा

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमची पद्धत वेगळी पण कदाचित उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) मागताना ऑफिसात कारण सांगावं लागत नाही. आजाऱ्यासाठी, मृतासाठी, उपकारस्तुतीसाठी असं असतं तसंच "खास हेतूसाठी" असंही लिहितात. फादर वेदीवरून तेवढंच वाचतात, पूर्ण चर्च त्या हेतूसाठी प्रार्थना करतं आणि हेतू काय ते फक्त मागणाऱ्याला माहीत. ऑक्टोबरमध्ये वाडीत घरोघरी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) चालते तेव्हा पण म्हातारी माणसं म्हणतात आता एक दशक (दहा मण्यांची प्रार्थना) ज्याच्या त्याच्या मनातल्या हेतूसाठी, आणि कोणी कोणाला विचारत नाही तुझा कुठला होता. लोकांच्या प्रार्थना मिस्सेत परत आणायचं ठरलं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ च्या दस्तावेजात, त्याच्याआधी कित्येक शतकं त्या बाजूलाच पडल्या होत्या. आता दर रविवारी असतात, त्यात सुद्धा आजारी, पीडित, सरकार, मृत असं सगळं येतं पण घरातली गोष्ट नाव घेऊन कोणी चव्हाट्यावर आणत नाही.

तुमच्या शुक्रवारच्या सभेत असं एक सुरू करता येईल बघा. दोन मिनिटं, मनातल्या हेतूंसाठी, गप्प.

डबा_आणि_डायरी

नाशिकहून लिहितेय. आमच्या मंडळीचा प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप मी बघते आणि मी आयव्हीएफमधून गेलेली आहे, दोनदा, तर दोन्ही बाजूंनी बोलते.

दादा तुम्ही खूप मनापासून लिहिलंय पण पूर्ण पोस्ट वाचून मला एक गोष्ट सापडली नाही. तिला काय हवंय? तुम्ही लिहिलंय आम्हाला प्रार्थना हवीच आहे, मला भीती वाटेल, हे तुमचं झालं. तिचं काय म्हणणं आहे? कदाचित तिला बाळासाठी प्रार्थना हवी असेल फक्त दोघी-तिघींनी करायला हवी असेल, कदाचित सध्या बाळाचा विषयच नको असेल, कदाचित दुसरंच काहीतरी असेल जे कोणी विचारलंच नाही. बार्तीमय आंधळा होता हे सगळ्या गर्दीला दिसत होतं, येशूला तर दिसतच होतं, तरी त्याने विचारलं मी तुझ्यासाठी काय करावं. काकूंना सांगण्याच्या आधी तुम्ही तिला विचारा. जेवण झाल्यावर वगैरे, घाईत नको, आणि उत्तर लगेच नाही आलं तर थांबा.

माझ्या वेळी मला कशाचा आधार झाला सांगते. आमच्या मंडळीतल्या एका बाईंना मी तारीख सांगितली होती, फक्त तारीख. त्या दिवशी सकाळी सहाला मेसेज आला, "आज तुझं नाव घेतलं. उत्तर पाठवू नकोस." निकाल निगेटिव्ह आला हे मी त्यांना बऱ्याच दिवसांनी सांगितलं, मधल्या काळात त्यांनी एकदाही विचारलं नाही, पण दर गुरुवारी तो मेसेज यायचा. कधी नुसतं "आज पण". त्यांची एक जुनी डायरी आहे, दुकानात उधारीची असते तसली लांबट, त्यात त्या नावं लिहितात, नावापुढे काही लिहीत नाहीत. मी विचारलं कारण का नाही लिहीत तर म्हणाल्या वही कोणाच्या हाती लागली तर, आणि देवाला कारण माहितीये.

निळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला कळवायला, मध्ये बरंच झालं.

डबा आणि डायरी ताई, तुमचं वाचून मी दोन दिवस गप्प होतो मग विचारलं. ती आधी म्हणाली काही नको. मग रात्री लाईट बंद केल्यावर एकेक सांगायला लागली. बाळासाठी मागायचं असेल तर आपण दोघं मागू, बाकीच्यांनी नको. बाकीच्यांनी तिच्या झोपेसाठी मागावं, तिला पहाटे तीनला जाग येते आणि परत लागत नाही. इंजेक्शनची भीती वाटते त्यासाठी. आणि तिच्या बहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे पुढच्या महिन्यात, तिथे बाळाला मांडीवर घेता यावं, पळून जावंसं वाटू नये. ह्यातलं एकही मला सुचलं नसतं, मी तर शेजारीच झोपतो.

पाळकसाहेब, तुम्ही म्हणालात तसं आमच्या पाळकांना बोलावलं. ते आणि त्यांच्या मिसेस आल्या. स्तोत्र वाचलं. जास्त काही लिहीत नाही, पण बरं झालं बोलावलं.

मावशी, ज्या काकूंचं बाकीच्या ऐकतात त्या पण येऊन गेल्या. ऐकताना मधेच त्यांचा चेहरा पडला, म्हणाल्या अगं मला वाटलं तुला धीर येत असेल, मग हिचा हात हातात धरून बसल्या आणि निघताना विचारलं की आता काय मागू ते सांग. तिने झोपेचं सांगितलं. दुसऱ्या एक आहेत त्यांना मात्र राग आलाय, आमच्या प्रार्थनेत काय खोट आहे म्हणतात, रविवारी बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही दोघं प्रार्थना करतोय, कारण गेटला डबा अडकवणाऱ्यात त्या पहिल्या होत्या.

आता एक प्रॉब्लेम राहिलाय. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या नावाने विनंती आधीच पडलेली आहे, नाव, ट्रीटमेंट, सगळं, आणि आमेन आणि हात जोडलेले इमोजी मिळून लांबलचक रांग. ते काढता येईल का? ग्रुपमध्ये गावाकडचे, नातेवाईक, सगळेच आहेत.

डबा_आणि_डायरी

झोपेसाठी मागणाऱ्यात माझं नाव धरा. तिला सांगा हवं तर, नाहीतर नका सांगू.

ग्रुपचं: ज्याने टाकलंय तो आता सगळ्यांसाठी डिलीट करू शकेल की नाही हे किती दिवस झाले त्यावर आहे, काही दिवसांनी तो पर्याय जातो. पण ग्रुप ॲडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, त्याला पण मुदत असते, तर आजच ॲडमिनला फोन करा, मेसेज नको, फोन. मुदत गेली असेल तर ॲडमिनने ग्रुपवर काही लिहू नये, लिहिलं की जे विसरलेत ते पण वर जाऊन शोधतील. पुढच्यासाठी आम्ही काय केलंय सांगते, ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतात असं सेटिंग केलंय, ज्याला विनंती द्यायचीये तो मला पर्सनलवर पाठवतो, दुसऱ्यासाठी असेल तर मी त्या माणसाला स्वतः फोन करून विचारते आणि तो म्हणेल तेवढेच शब्द टाकते. डिसअपीअरिंग मेसेज पण चालू ठेवलेत, सात दिवसांचे. तुमच्या ॲडमिनना सेटिंग जमत नसेल तर मला इथेच विचारा, मी एकेक स्टेप लिहून देते.